विनिताला न पडलेलं स्वप्न

करंजाडे गावठाणात घरतांचं चार मजली घर होतं. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, खालच्या दोन मजल्यांवर घरची माणसं, आणि सगळ्या मजल्यांवर मिळून सत्ता गुणाबाईंच्या स्वप्नांची.

गुणाबाईंना रोज स्वप्न पडे आणि ते त्यांना शेवटच्या तपशिलापर्यंत आठवे. सकाळच्या चहाला त्या ते सांगत, आणि ऐकल्याशिवाय कुणी उठत नसे. स्वप्नात मासे आले की पाहुणे येणार. दात पडला की भावकीत कुणीतरी जाणार. लग्न दिसलं तर वाईट, प्रेत दिसलं तर चांगलं. या सगळ्याला आधार होता खाडीच्या बांधाचा. गुणाबाई नव्यानंच सून म्हणून आल्या होत्या, तेव्हा त्यांना स्वप्नात बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरताना दिसलं, आणि त्याच उधाणाला बांध फुटला. तो बांध दर दोन-चार वर्षांनी फुटतच असे, हे तेव्हा कुणी बोललं नाही आणि नंतरही नाही. पुढे शेती गेली, मिठागर गेलं, बांधाच्या जागी रुंद रस्ता आणि पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ आला. पण गुणाबाईंचं नाव झालं ते झालंच. मुलगा जीवन बारावीत नापास होणार असं त्यांनी पाहिलं होतं. तो पास झाला, तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या दिवशी उशी उलट्या बाजूला होती. घराला ते पटलं.

त्यांचे यजमान काळूराम या विषयावर एकच वाक्य बोलत. "मना सपान येत नाय. मी झोपतो."

सून विनिता हिलाही स्वप्न आठवत नसे. ती नवीन पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. रक्त घ्यायचं, मशीनमध्ये घालायचं, मशीन जे म्हणेल ते छापून द्यायचं. सकाळी मोबाइलचा गजर वाजला की तिच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाई, जशी काही रात्रभर ती कुठे गेलीच नव्हती. लग्न झालं तेव्हा तिला याचा कमीपणा वाटायचा. सासूबाईंकडे एवढं येतं आणि आपल्याकडे काहीच कसं येत नाही? नंतर ते वाटेनासं झालं. तिची अडचण निराळीच होती. तिला गाडी चालवायची होती.

जीवनने नवी मोठी गाडी घेतली तेव्हा जुनी छोटी गाडी जिन्याखाली आच्छादन घालून उभी राहिली. विनिता तिच्याकडे पाहत रोज रिक्षा शोधायला निघे. "मी शिकते," असं तिने एकदा म्हणून पाहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी गुणाबाईंना स्वप्न पडलं. विनिता गाडीत, गाडी खाडीत, आणि टपावर एक बगळा.

"बगला सफेद व्हता," गुणाबाई चहा ढवळत म्हणाल्या. "हालत नव्हता."

बगळ्यानं विषय संपला. जीवन बायकोला म्हणाला, "राहू दे ना. आईला दिसलंय तर कशाला? रिक्षा आहे की."

या गोष्टीला दोन पावसाळे होऊन गेले. एका संध्याकाळी रिक्षा मिळेना म्हणून विनिता हातात पिशव्या घेऊन निम्मी वाट चालत आली, आणि घरात आल्या आल्या मुलीपुढे तिचा संताप बाहेर पडला. रिया फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती, स्वतः स्कूटी उडवत कॉलेजला जात होती. तिने आईचे पाय पाटावर घेतले, पोटऱ्या दाबल्या आणि म्हणाली,

"आई, आजीच्या स्वप्नाला तू नाही म्हणू शकत नाहीस. मी पण नाही. पणजी म्हणू शकते."

"पणजी वारली, तुझ्या जन्माच्या आधी."

"म्हणून तर. तिला येऊ दे ना तुझ्या स्वप्नात."

पणजी म्हणजे हौसाबाई, काळूरामांची आई, गुणाबाईंची सासू. विनिताने त्यांना पाहिलं नव्हतं. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोतून कापून मोठा केलेला त्यांचा चेहरा होता, त्यात नथ तेवढी स्पष्ट दिसे. पण त्यांचा दरारा या घरात अजून होता. मिठागरावर चार पुरुषांना लाजवील अशी बाई, जिभेला धार, आणि कुणाचं कौतुक म्हणून करायची नाही. गुणाबाई अजूनही मासळीला मीठ घालताना क्षणभर थांबत, कुणीतरी मागून बघत असल्यासारख्या.

विनिता हसली. त्या दिवशी हसली. पण रविवारी सगळे चहाला बसले, गुणाबाईंनी रात्रीचं स्वप्न सांगून संपवलं (त्यात एक कावळा आणि शेजारची शोभा होती), आणि विनिता म्हणाली,

"आई, मला पण एक पडलं."

काळूरामांनी बटर चहात बुडवलेलं होतं, ते तसंच विरघळून गेलं.

"तुना?" गुणाबाई म्हणाल्या.

"हौसाबाई आल्या होत्या. मी आपली जुनी गाडी चालवत होते. त्या बाजूच्या सीटवर बसल्या होत्या. म्हणाल्या, चल, मला बाजारात ने."

एवढंच तिने ठरवलं होतं. एवढं पुरेल असा तिचा अंदाज होता. पण गुणाबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या जरा पुढे झुकल्या.

"कंचा लुगरा नेसली व्हती?"

"हिरवं," विनिता म्हणाली.

काळूरामांनी मान वर केली. जीवनने आईकडे पाहिलं. हौसाबाई सवाष्ण गेल्या होत्या आणि त्यांना हिरवं लुगडं नेसवून नेलं होतं. सवाष्णीला हिरवंच नेसवतात हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, विनितालाही. पण त्या घटकेला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही. तिच्या अंगावर सरकन काटा आला.

"आन् काय बोलली?"

"काही नाही. हसल्या."

"हसली?" गुणाबाईंचा आवाज बारीक झाला. "माझा नाव घेतला?"

विनिताने सासूकडे पाहिलं. या प्रश्नाची तयारी तिने केली नव्हती. लॅबमध्ये एखाद्या पेशंटने रिपोर्टवरून नजर उचलून 'काही गंभीर आहे का?' विचारावं तसा तो प्रश्न होता, आणि तिथल्या सवयीने तिच्या तोंडून गेलं, "नाही."

गुणाबाई उठल्या. कपातला चहा तसाच राहिला. आतल्या खोलीच्या दारात त्या थांबल्या आणि मुलाला म्हणाल्या, "जीवन, हिला गारी शिकव. हौसाआयनं सांगितलाय."

मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मिथुन नावाचा शिक्षक होता. स्वतः सारखा फोनवर असे, पण दोन्ही पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर आणि क्लचवर पक्के. विनिता महिनाभर त्याच्याबरोबर सेक्टरांतल्या रिकाम्या रस्त्यांवर फिरली. "मॅडम, गिअर बघून टाकू नका, हाताला कळलं पाहिजे," असं तो म्हणे, आणि एक दिवस खरंच हाताला कळलं. ती खुशीत घरी आली, तर गुणाबाई दारातल्या पायरीवर बसलेल्या.

त्या आता स्वप्नं सांगत नव्हत्या. त्यांना पडत नव्हती की सांगायची नव्हती, कळायला मार्ग नव्हता. चहा दोन मिनिटांत उरके. काळूराम पेपर उघडत आणि समोरच्या गप्पगप्प चहाकडे पाहून पुन्हा मिटत. गुणाबाई मात्र सगळ्यांच्या आधी उठून विनिताची वाट पाहत. ती खोलीतून बाहेर आली की हळूच विचारत,

"आज आली व्हती?"

"नाही आई."

"बरा."

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारची शोभा एका दुपारी वाटीभर शेवया घेऊन आली आणि बसली. मुलीला दोन स्थळं आली होती, एक द्रोणागिरीतल्या गोदामात सुपरवायझर, दुसरं उलव्याचं, दुकानाचं.

"हौसाकाकी आली की जरा विचार," शोभा म्हणाली. "नोकरीवाला का दुकानवाला."

"अहो, त्या अशा रोज येत नाहीत."

"मग पुढच्या टायमाला. घाई नाय."

विनिताला हसू यायला हवं होतं. आलं नाही. तिला ते हिरवं लुगडं आठवत होतं. ते आपण बनवलं की ते आलं? आणि त्या हसल्या, हे कुठून निघालं? असं सांगायचं तर तिने ठरवलंच नव्हतं. झोपेत माणूस जे पाहतो तेही त्याच्याच डोक्यातून निघतं ना. मग जागेपणी निघालं तर ते खोटं आणि झोपेत निघालं तर ते खरं, असं कसं? लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवता चिकटवता ती हा विचार करी आणि स्वतःवरच चिडे. मशीनला असला प्रश्न कधी पडला नसता.

एका रविवारी दोघी गच्चीत जवळा निवडत बसल्या होत्या. ऊन छान होतं, खालून भाडेकरूंच्या टीव्हीचा आवाज येत होता. गुणाबाई सुपातून कचरा उचलत, मान वर न करता म्हणाल्या,

"शेवटी शेवटी तिला उठता येत नव्हता. मी भरवायची. हागनं-मुतनं सगला मी. झोपायची पन तिच्या खाटेखाली, हाक मारली तर ऐकू आली पायजे. ती गेली तवापासून मी वाट बघतंय. कावला येतो, बांध येतो, शोभा येते सपनात. ती कवा आली नाय. आन् तुना तिनं बघितला पन नाय, तुझ्याकडं आली. गारीत बसली."

विनिताच्या हातातला जवळा तसाच राहिला. गाडी तर तिला मिळाली होती. आता तिच्याने हे बघवेना. त्या रात्री ती अंथरुणावर पडून नीट विचार करत राहिली, आणि सकाळी खोलीतून बाहेर येताना तिच्याजवळ दुसरं स्वप्न तयार होतं. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं.

"आज आली व्हती?"

"आल्या होत्या, आई." विनिता सासूच्या शेजारी बसली. "गाडीतच. पण आज तुमच्याबद्दलच बोलत होत्या. म्हणाल्या, गुणानं माझं लई केलं. पोटच्या पोरीनं केलं नसतं. म्हणाल्या, तिला सांग, मी तिच्यावर खूश हाय."

ती सांगत होती आणि तिचेच डोळे भरून आले होते. गुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खोटा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती असा बोलनार नाय. मेली तरी बोलनार नाय. ह्यो तू माझ्यासाठी केलास." त्यांनी तिचा गुडघा थोपटला. "मन चांगला हाय तुझा."

विनिता लाजेने लाल झाली. आणि मग, आता एवढं झालंच आहे तर, म्हणून ती म्हणाली, "आई, पहिलं पण खोटंच होतं. मला गाडी शिकायची होती ना, म्हणून सांगितलं. मला कधीच काही पडलं नाही."

गुणाबाईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तो खरा व्हता," त्या म्हणाल्या.

"अहो, मीच बनवलं होतं!"

"तुना काय म्हाईत? ती हसली, आन् माझा नाव घेतला नाय. असा कोन बनवील? बनवायचा तर गोड बनवला असता, आज बनवलास तसा." त्या उठल्या, पदर खोचला. "तोच तिचा सभाव. तो खरा."

विनिताने रियाला हे सांगितलं तेव्हा रिया इतकी हसली की तिला उचकी लागली. जीवनला सांगितलं, तर तो जरा विचार करून म्हणाला, "पण हिरव्या लुगड्याचं काय?"

विनिताला लायसन्स मिळालं त्याच सुमारास ओव्याहून निरोप आला. ओवे हे गुणाबाईंचं माहेर. भाच्याचा साखरपुडा होता, दुपारी. जीवन आणि काळूराम मोठ्या गाडीतून आधीच पुढे निघणार होते, मांडवाचं सामान घेऊन. गुणाबाईंनी जाहीर केलं की त्या विनिताबरोबर जातील, जुन्या गाडीतून. जीवन "आई, पहिल्यांदाच हायवेला..." एवढं म्हणाला, गुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर पुढचं त्याने गिळलं.

विनिताने त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. गुणाबाई त्याला वळसा घालून मागचं दार उघडून मागे बसल्या.

"पुढे बसा ना आई."

"पुढं ती बसते," गुणाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात जीवन निघता निघता आहेराची पिशवी घेऊन आला. साड्या, नारळ, पेढ्यांचे बॉक्स, चांगलीच जड. काही कळायच्या आत त्याने ती पुढच्या सीटवर ठेवली आणि दार लावलं. विनिताने गाडी सुरू केली, आणि गाडी टिंग टिंग वाजायला लागली. सीटवर वजन आलं आणि पट्टा लावला नाही की गाडी वाजते, हे मिथुनने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती ते सांगणार होती. तिने आरशात पाहिलं. गुणाबाई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर, तोंड किंचित उघडं.

"बसली," त्या कुजबुजल्या. मग, टिंग टिंग थांबेना तेव्हा, नेहमीच्या आवाजात, "पट्टा लाव ना तिला."

विनिताने वाकून पट्टा ओढला आणि नारळांवरून नीट फिरवून लावला. आवाज थांबला.

पनवेल मागे पडलं. विनिताचं सगळं लक्ष ट्रकांकडे होतं. कळंबोली सर्कलला गाड्यांची ही गर्दी, इंच इंच पुढे सरकायचं, क्लचवरचा पाय दुखून आला होता. तिथे मागून गुणाबाईंचा आवाज आला, अगदी साधा, घरात बोलतात तसा.

"आय, बघ रस्ता. इतकाच लांब व्हता ओवा."

हे पुढच्या सीटला होतं.

"तू बोलायचीस, म्हायेरला गेली तर मिठागरावर कोन जाईल. माझा भाऊ न्यायला यायचा, त्याला तू पानी पन इचारायची नायस. बाहेरच्या बाहेर." मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. "माझी आय आजारी परली तवा निरोप आला व्हता. तुनाच आला व्हता निरोप. तू मना सांगितलास नाय. मीठ भरून झाल्यावर सांगितलास. मी गेली तवा तिला न्हेली व्हती."

विनिताने गाडी पुढे घेतली. तिला हे माहीत नव्हतं. चोवीस वर्षं ती या बाईच्या हातचं जेवत होती, आणि रोज सकाळी त्यांचे कावळे आणि बांध ऐकत होती.

"तरी मी केला तुझा सगला," गुणाबाई म्हणाल्या. "तोंडातून एक शबूद काढला नाय. तू काढशील असा वाटला. तू पन नाय काढलास." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "आता काढू नको. आता मना नको."

सर्कल सुटलं आणि खारघरकडचा रस्ता मोकळा लागला. गुणाबाई पुढे बोलत राहिल्या. एका पातेल्यातून चोरीला गेलेल्या चिंबोरीबद्दल, जी चोरीला गेलीच नव्हती. जीवनच्या बारशाला मोडलेल्या पाटल्यांबद्दल. मासळीतल्या मिठाबद्दल तर बरंच. मधेच त्या विनितावर ओरडल्या, "हलू चालव, म्हातारी बसलीय पुढं!" आणि पुन्हा म्हातारीला फैलावर घेतलं. ओव्याच्या कमानीशी पोचेपर्यंत त्यांचा आवाज बसला होता आणि चेहरा जत्रेतून आलेल्या पोरीसारखा दिसत होता.

साखरपुडा छान झाला. गुणाबाईंनी जिलबी दोनदा मागून घेतली. भावाची सून त्यांच्याजवळ बसून म्हणाली, "आत्या, मला काल स्वप्नात साप दिसला, त्याचा अर्थ काय?" गुणाबाई म्हणाल्या, "घरात उंदीर झाले असतील. बघ जरा."

परतताना पिशवी रिकामी झाली होती, ती गुणाबाईंनी घडी करून मांडीवर घेतली. पुढची सीट वाजली नाही आणि त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. खारघर ओलांडेपर्यंत त्यांना झोप लागली. विनिताने आरशात पाहिलं. मान खिडकीला टेकलेली, तोंड उघडं, पापण्यांखाली बुबुळं हलत होती. काहीतरी दिसत होतं त्यांना. तिने गाडी जरा हळू घेतली. तिला वाटलं, आता उठल्या की सांगतील, आणि तिला ते ऐकायचं होतं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला एखादं स्वप्न खरोखर ऐकायचं होतं. म्हातारी आली असेल का? काय बोलली असेल?

घराच्या गल्लीत वळताना गुणाबाई जाग्या झाल्या. डोळे चोळले, पदर सावरला.

"काय दिसलं हो आई?" विनिताने विचारलं.

गुणाबाईंच्या कपाळावर आठी पडली, मग गेली.

"नाय आठवत," त्या म्हणाल्या. "पन झोप मस्त लागली." आणि त्यांनी रिकामी पिशवी काखेत मारून, गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं.

त्या उघड्या दाराकडे बघता बघता विनिताने डाव्या बाजूचा आरसा गेटच्या खांबाला घासला. खर्र असा आवाज झाला. आधीच परतलेला जीवन पायरीवरून धावतच आला, खाली वाकून ओरखडा पाहिला, बोट फिरवलं, आणि मग आरशाची काच, खांबाची जागा, बायकांचं ड्रायव्हिंग आणि मिथुनची फी असं जे त्याने सुरू केलं, ते रात्री ताटं वाढेपर्यंत चालू होतं.